हत्यारांवरचं क्रोम प्लेटिंग: चांगलं कोणतं, नुसतं चकचकीत कोणतं?

पाना किंवा सॉकेट झळकतं ते मुख्यतः क्रोममुळे नव्हे. हातहत्यारांवरचा क्रोमचा थर साधारण ०.२ ते ०.५ मायक्रॉन असतो, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचाही फार तर अर्धा. एवढ्या पातळ थराला स्वतःचं रूप नसतं, खाली जे असेल तेच तो दाखवतो. आरशासारखी झळाळी येते ती त्याखालच्या निकेलमुळे, आणि निकेल सारखं बसतं ते पोलादावरच्या पॉलिशमुळे. गंज अडवण्याचं मुख्य कामही निकेलच करतं. क्रोम निकेलला काळवंडू देत नाही, ओरखडे झेलतं आणि वर तो निळसर, थंड रंग आणतं.

म्हणून प्लेटिंग पारखायचं म्हणजे क्रोमच्या खाली किती काम झालंय ते पारखायचं. हे काम पान्याच्या दांड्यावरच्या सपाट, उघड्या जागी दिसत नाही, कारण तिथे कुणाचंही प्लेटिंग बरं येतं. जबड्याच्या आतल्या कोपऱ्यात, रिंगच्या दातांत, सॉकेटच्या तळाशी आणि कोरलेल्या अक्षरांच्या कडेला ते दिसतं.

आधी एक गोंधळ दूर करू. हत्यारावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असं ठोकलेलं असतं, त्याचा प्लेटिंगशी काहीही संबंध नाही. ते आतल्या पोलादाचं नाव आहे. त्यात साधारण एक टक्का क्रोमियम आणि त्याहून बरंच कमी व्हॅनेडियम असतं. तेवढ्या क्रोमियमने पोलाद गंजायचं थांबत नाही. उत्तम क्रोम व्हॅनेडियम पोलादावर भिकार प्लेटिंग असू शकतं आणि साध्या पोलादावर सुंदर प्लेटिंग असू शकतं. दोन्ही वेगवेगळं तपासायचं.

थर कसे चढतात

दोष ओळखायचे तर ते कुठल्या टप्प्यावर शिरतात हे माहीत हवं. फोर्जिंग (तापवून, ठोकून आकार देणं) आणि हीट ट्रीटमेंट (तापवून, थंड करून कठीण करणं) झाल्यावर पान्यावर काळी पापडी असते. ती शॉट ब्लास्टिंगने किंवा व्हायब्रेटरी ड्रममध्ये सिरॅमिकचे खडे घालून काढतात. मग सँडपेपरच्या फिरत्या पट्ट्यावर घासाई होते: ८० किंवा १२० ग्रिटपासून सुरुवात, पुढे १८०, २४०, ३२०, आणि शेवटी बफ, म्हणजे कापडी चाकावर मेण लावून झळाळी. ग्रिटचा आकडा जितका मोठा तितके घासणारे कण बारीक. प्रत्येक ग्रिटने आधीच्या ग्रिटच्या रेषा पुऱ्या काढायच्या असतात. मधला टप्पा गाळला तर जाड रेषा बफखाली फक्त दबतात आणि प्लेटिंगनंतर पुन्हा वर दिसतात. चमकदार निकेलमध्ये बारीक ओरखडे भरून काढण्याचा गुण असतो, पण तो बारीक ओरखड्यांपुरताच. ८० ग्रिटची चर निकेलने बुजत नाही.

पॉलिशनंतर तेल आणि बफचं मेण काढायला गरम अल्कलीची धुलाई, त्यातच करंट देऊन दुसरी धुलाई, पाणी, मग सौम्य आम्लात अगदी थोडी बुडी, पुन्हा पाणी आणि लगेच निकेलची टाकी, जिथे द्रावणात करंट देऊन निकेल चढवतात. निकेलच्या नेहमीच्या द्रावणात लिटरला २४० ते ३०० ग्रॅम निकेल सल्फेट, ३० ते ६० ग्रॅम निकेल क्लोराइड आणि ३० ते ४५ ग्रॅम बोरिक आम्ल असतं. सामू ३.५ ते ४.५ आणि तापमान ४५ ते ६५ अंश सेल्सिअस. इथे पाना जितका वेळ राहील तितका थर जाड होतो. काटकसर होते ती इथेच, कारण बाहेरून बघणाऱ्याला ५ मायक्रॉन निकेल आणि २० मायक्रॉन निकेल यांतला फरक पहिल्या दिवशी कळत नाही.

पारंपरिक क्रोमच्या टाकीत लिटरला सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल आणि त्याच्या शंभराव्या भागाइतकं, म्हणजे २.५ ग्रॅम, गंधकाम्ल असतं. शोभेच्या क्रोमसाठी तापमान ४० ते ४५ अंशांच्या आसपास. ही टाकी लहरी आहे. दिलेल्या करंटपैकी जेमतेम १० ते २० टक्के करंट क्रोम बसवण्यात खर्ची पडतो, बाकीचा बहुतेक हायड्रोजन काढण्यात जातो. शिवाय खाचाखोचांत पुरेसा करंट पोहोचला नाही तर तिथे क्रोम बसतच नाही. हत्यारांवर दिसणाऱ्या निम्म्या खुणांचं मूळ या दोन गोष्टींत आहे.

डोळ्यांनी आणि हाताने तपासणी

हत्यार आधी पुसून घ्या. नव्या मालावर तेलाचा हात असतो. तेल छिद्रं लपवतं आणि मंद डागांना झळाळी देतं. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने पुसा, कोरडं होऊ द्या.

मग ट्यूबलाइटखाली उभे राहा आणि पान्याच्या सपाट बाजूवर ट्यूबचं प्रतिबिंब पकडा. प्रतिबिंबाच्या आत बघू नका, त्याच्या काठाकडे बघा. पाना हळूहळू तिरका करा म्हणजे तो काठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकेल. काठ सरळ, धारदार राहिला तर खालचं पॉलिश नीट आहे. काठ लाटांसारखा हलला तर पट्ट्यावर हात सारखा फिरलेला नाही. काठाला एकाच दिशेच्या बारीक करवती निघाल्या तर घासाईच्या रेषा राहून गेल्यात. काठ धूसर, दुधाळ झाला तर दोष पॉलिशचा नाही, टाकीचा आहे.

नंतर कापसाचा बोळा घ्या आणि कडांवरून, जबड्याच्या टोकांवरून हलकेच फिरवा. तंतू अडकले, तर तिथे निकेलचे बारीक दाणे वाढलेले आहेत. बोटाला ते जाणवतीलच असं नाही, कापसाला जाणवतात. दाणे फक्त एकाच बाजूला असतील तर टाकीत ती बाजू वर होती आणि द्रावणातला गाळ तिच्यावर बसला, असं समजा. ते गाळणी नीट न चालल्याचं लक्षण आहे. कडेवरच दाणे असतील तर करंट जास्त दिलेला आहे.

आता आतले कोपरे. पांढरा कागद पाठीमागे धरा आणि जबड्याच्या आतल्या कोपऱ्याचा रंग दांड्याच्या रंगाशी ताडून बघा. क्रोम निळसर पांढरं असतं, निकेल किंचित पिवळट, उबदार. कोपऱ्यात पिवळट पट्टा दिसला तर तिथे क्रोम पोहोचलेलं नाही, उघडं निकेल आहे. सॉकेटच्या आत खोलवर असं दिसणं साहजिक आहे, त्यासाठी माल नाकारू नका. पण उघड्या पान्याच्या जबड्यात किंवा रिंगच्या बाहेरच्या वळणावर पिवळटपणा असेल तर टाकीतली मांडणी किंवा करंट चुकलाय. कोपऱ्यात करडं पोलादच दिसत असेल किंवा तपकिरी छटा असेल तर निकेलही अपुरं आहे आणि गंज तिथूनच सुरू होणार.

वर सांगितलेलं क्रोमिक आम्लाचं द्रावण षट्संयुजी क्रोमचं. त्रिसंयुजी हा क्रोमचा दुसरा रासायनिक प्रकार, त्याच्या द्रावणातून आलेला थर षट्संयुजी द्रावणातल्या थरापेक्षा किंचित गडद दिसू शकतो. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या पान्यांत छटेचा फरक असणं हा दोष नाही. एकाच संचातल्या दोन पान्यांत, किंवा एकाच पान्याच्या दोन टोकांत फरक असेल तर मात्र विचारायला हवं.

अक्षरांकडे भिंगाने बघा, दहा पट मोठं दिसणारं साधं भिंग पुरतं. प्लेटिंगच्या आधी ठोकलेल्या अक्षरांच्या कडा गोलसर असतात आणि तळातही तीच झळाळी असते. प्लेटिंगनंतर लेझरने जाळलेल्या खुणा काळ्या आणि कोरड्या दिसतात. लेझर थोडक्यात राखला तर क्रोमचा रंगच फक्त बदलतो, पण खोल गेला तर निकेल फोडून पोलादाला भिडतो. अशा हत्याराच्या आकड्यांतून काही महिन्यांत तपकिरी पाणी ओघळू लागतं. ठोकलेली अक्षरं असलेला माल नेहमी पसंत करा.

शेवटी माप. प्लेटिंग मापही खातं. प्रत्येक बाजूला १५ मायक्रॉन बसले तर जबड्याची रुंदी ३० मायक्रॉनने घटते, आणि कडांवर थर जास्त बसत असल्याने टोकाशी त्याहूनही जास्त. चांगला कारखाना हे धरून जबडा आधीच मोकळा ठेवतो. पान्याच्या जबड्याचं आणि सॉकेटचं माप आयएसओ ६९१ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेलं आहे. नव्या बोल्टवर पाना घालून बघा. टोकाशी अडतो आणि आत गेल्यावर सैल होतो, असं झालं तर टोकांवर प्लेटिंग चढलंय. ते कानशीने काढत बसू नका, कारण त्यात थर उघडा पडतो. तो नग परत करा.

आरसा की साटन?

पूर्ण पॉलिश केलेलं हत्यार पुसायला सोपं असतं. तेल, ग्रीस एका फडक्यात निघतं. साटन किंवा मोतिया फिनिशवर बोटांचे ठसे कमी दिसतात आणि दिव्याखाली डोळ्यांवर तिरीप येत नाही, पण खरखरीत पृष्ठभागात काळं तेल बसून राहतं. हाताला साटन कमी निसरडं वाटतं, तरी तेलकट हातात दोन्ही निसटतात. पकड सांभाळते ती दांड्याच्या आकारामुळे.

साटनकडे जरा जास्त संशयाने बघा. नीट साटन म्हणजे एकसारखं ब्लास्टिंग करून वर पूर्ण जाडीचं निकेल, किंवा खास साटन निकेल. पण ज्या पोलादावर पट्ट्याच्या रेषा आणि फोर्जिंगचे खड्डे राहिलेत ते झाकायलाही हेच फिनिश वापरता येतं. ओळखायचं असं: तिरक्या उजेडात साटनची धूसरता सगळीकडे सारखी हवी आणि तिला दिशा नसावी. मध्येच खड्डा, एखादी चर किंवा जास्त चमकणारा पट्टा दिसला तर फिनिश झाकणीचं आहे.

दोष आणि त्यांची मुळं

सर्वांत गंभीर दोष पापुद्रे निघण्याचा. पापुद्रा कुठल्या थरातून सुटलाय ते आधी ठरवा, कारण कारणं निराळी आहेत. सुटलेला तुकडा चिमट्याने उचला आणि लोहचुंबकाजवळ न्या. निकेल चुंबकाला चिकटतं, क्रोम चिकटत नाही. तुकडा झेपावला आणि खालची जागा करडी असून ओलाव्यात गंजते आहे, तर निकेल पोलादावरून सुटलंय. याचं कारण धुलाईत राहिलेलं तेल किंवा बफचं मेण, न निघालेली पापडी, किंवा आम्लात जास्त वेळ ठेवल्याने पोलादावर साचलेली कार्बनची काळी भुकटी. ओल्या भिंतीवर रंग दिल्यासारखं हे असतं, वरचा थर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. खाली पिवळट चमकदार धातू दिसला आणि सुटलेला कण अगदी भुशासारखा आहे, चुंबकाला दाद देत नाही, तर क्रोम निकेलवरून सुटलंय. दोन टाक्यांच्या मध्ये माल लटकत राहिला, वाळला, किंवा क्रोमच्या टाकीत करंट मध्येच तुटला की निकेलवर अदृश्य ऑक्साइड बसतो आणि पुढचा थर धरत नाही. तिसरा प्रकार: पापुद्रा न सुटता वळलेल्या जागी बारीक भेगा पडतात. तेव्हा निकेलमध्ये चमक आणणारं रसायन जास्त झालेलं असतं आणि निकेल ठिसूळ झालेलं असतं.

जबड्याच्या टोकांवर करडा, खडबडीत, निस्तेज पट्टा म्हणजे ‘जळलेलं’ क्रोम. टाकी थंड आणि करंट जास्त, किंवा टोकं ॲनोडच्या (टाकीतल्या धन पट्टीच्या) फार जवळ. याउलट दुधाळ पांढरेपणा येतो तो टाकी गरम आणि करंट कमी असताना. खाचांजवळ इंद्रधनुषी किंवा तपकिरी छटा दिसली तर बहुधा द्रावणात गंधकाम्लाचं प्रमाण कमी पडलंय. ते जास्त झालं की खाचांत क्रोम पोहोचत नाही. प्लेटिंगवाल्याशी बोलताना ही लक्षणं नेमकी सांगता आली तर चर्चा लवकर मुद्द्यावर येते.

सुईच्या टोकाएवढे खड्डे दोन प्रकारचे. खड्डा पोलादातच असेल तर त्याच्या तळाला भिंगाखाली खडबडीतपणा दिसतो. तो फोर्जिंगचा किंवा जास्त पिकलिंगचा, म्हणजे आम्लात जास्त वेळ ठेवल्याचा. काठ गोल, गुळगुळीत आणि आकार थेंबासारखा असेल, कधी त्याला वरच्या दिशेने बारीक शेपूट असेल, तर निकेलच्या टाकीत हायड्रोजनचा बुडबुडा तिथे चिकटून राहिला होता. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण त्याच्या तळाशी निकेल फार पातळ असतं.

खड्डा इतका घातक का, हे समजून घेण्यासारखं आहे. निकेल आणि क्रोम दोन्ही पोलादापेक्षा ‘उच्च’, म्हणजे सहज न गंजणारे, धातू आहेत. जस्ताचा मुलामा स्वतः झिजून पोलादाला वाचवतो. निकेल-क्रोम तसं करत नाही, ते फक्त झाकतं. छिद्र पडलं की सगळा गंज त्या एका बिंदूतल्या पोलादावर एकवटतो आणि भोक खोल जातं. म्हणून क्रोमच्या हत्यारावर गंज आधी ठिपक्यांनी येतो. महागड्या कामात यावर उपाय म्हणून निकेलचे दोन थर देतात: खाली गंधक नसलेलं अर्धचमकदार निकेल, वर गंधक असलेलं चमकदार निकेल. गंज वरच्या थरात आडवा पसरतो आणि खाली पोलादापर्यंत पोहोचायला त्याला बराच वेळ लागतो. ओल्या, खारट हवेत काम असेल तर दुहेरी निकेल आहे का, हे जरूर विचारा.

सॉकेट किंवा रॅचेटच्या भोकातून पिवळसर-नारिंगी ओघळ आलेला नवा नग मिळाला तर तो गंज समजून बोटाने पुसू नका. तो धुवायचा राहिलेला क्रोमिक आम्लाचा अंश असू शकतो आणि षट्संयुजी क्रोम कर्करोगकारक आहे. हातमोजे घालून नग पिशवीत घाला आणि परत करा.

घरी करण्याजोग्या आणि कारखान्यातल्या चाचण्या

संचातला एक नग चाचणीसाठी बाजूला काढता येत असेल तर मिठाच्या कागदाची चाचणी करा.

१. नग स्पिरिटने किंवा ॲसिटोनने पुसून, पाण्याने धुऊन कोरडा करा. यानंतर उघड्या बोटांनी हात लावू नका.
२. १०० मिलि पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवा. पांढरा टिश्यू कागद त्यात भिजवून नगाला घट्ट चिकटवा. हवेचे फुगे दाबून काढा, जबड्याच्या आत आणि अक्षरांवरही कागद बसू द्या.
३. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून २४ तास ठेवा. कागद वाळता कामा नये.
४. कागद सोडवून उजेडात धरा. प्रत्येक तपकिरी ठिपका म्हणजे पोलादापर्यंत गेलेलं एक छिद्र.

अक्षरं आणि आतले कोपरे सोडून बाकी पृष्ठभाग स्वच्छ राहिला तर प्लेटिंग घरातल्या कामाला चांगलं आहे. सपाट भागावर ठिपक्यांची रांगोळी उमटली तर नाही. चाचणी झालेला नग लगेच भरपूर पाण्याने धुवा, वाळवा आणि तेल लावा.

घाई असेल तर त्याच मिठाच्या पाण्यात १ ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड घालून कागद दहा मिनिटं चिकटवा. छिद्राच्या जागी निळे ठिपके उमटतात. हातमोजे घाला आणि ते द्रावण कुठल्याही आम्लाजवळ नेऊ नका, कारण आम्लाशी त्याचा विषारी वायू निघू शकतो.

चिकटपणा बघायला गोलसर टोकाची गुळगुळीत पोलादी सळई घ्या आणि ६ चौरस सेंटिमीटरहून कमी जागेवर पंधरा सेकंद दाबून घासा. दाब एवढाच की थर घोटला जाईल पण कापला जाणार नाही. फोड आला किंवा आलेला फोड वाढत गेला तर थर सुटा आहे. नग वाया घालवायची तयारी असेल तर कानस कडेवर ४५ अंशांत धरून पोलादाकडून प्लेटिंगकडे चालवा. चांगला थर कापला जातो, उचलला जात नाही. चिकटपट्टी लावून ओढण्याची चाचणी रंगासाठी ठीक आहे, धातूच्या थरासाठी फार हलकी. तिच्यात पास झालेलं प्लेटिंगही बोल्टवर सोलतं. तापवून पाण्यात बुडवण्याची चाचणी तयार हत्यारावर करू नका, पोलादाचा कठीणपणा उतरतो.

जाडी मोजताना एक अडचण येते. रंगाची जाडी मोजणारं साधं चुंबकी गेज पोलाद चुंबकी आणि वरचा थर चुंबकी नाही, या गृहीतावर चालतं. निकेल स्वतःच चुंबकी असल्याने ते चुकीचा आकडा देतं. निकेलसाठी जुळवलेलं गेज, क्ष-किरण प्रतिदीप्तीचं यंत्र किंवा थर विरघळवून मोजणारी कुलोमेट्रिक पद्धत हवी. मोजमाप दांड्याच्या मध्यावर आणि जबड्याच्या आत, दोन्हीकडे मागा. नुसता दांड्यावरचा आकडा तुम्हाला काहीच सांगत नाही.

मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीचे तास कंपन्या जाहिरातीत छापतात. आयएसओ ९२२७ नुसार साध्या फवाऱ्यात ५ टक्के मीठ आणि ३५ अंश तापमान असतं, तर तांबं आणि ॲसेटिक आम्ल घातलेल्या कडक प्रकारात ५० अंश. दोन्हींचे तास एकमेकांशी ताडता येत नाहीत. म्हणून तासांसोबत चाचणीचा प्रकार लिहिलेला नसेल तर तो आकडा बाजूला ठेवा.

प्लेटिंग करून घ्यायचं असेल तर

काम देताना कागदावर लिहून द्या: पोलाद कुठलं, कठीणपणा किती, कुठल्या जागा महत्त्वाच्या आणि त्या जागांवर निकेल कमीत कमी किती. कोरड्या, घरातल्या वापरासाठी १० मायक्रॉन, ओल्या जागेसाठी २० ते २५. ‘सरासरी’ जाडी मान्य करू नका, कमीत कमी जाडी लिहा. रॅकचा हुक कुठे लागावा तेही सांगा, कारण हुकाच्या जागी थर बसत नाही. ती जागा लटकवायच्या भोकात असावी.

कठीणपणा ४० एचआरसीच्या (रॉकवेल सी मापाने) आसपास किंवा वर असेल तर हायड्रोजनचा प्रश्न येतो. आम्लाच्या बुडीत आणि प्लेटिंगमध्ये सुटलेला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि पाना काही तासांनी किंवा दिवसांनी, नेहमीच्या जोराखालीही, काचेसारखा तुटतो. उपाय दोन. एक, आम्लात माल कमीत कमी ठेवायचा, पापडी यांत्रिक पद्धतीने काढायची, आणि करंटची धुलाई माल धन टोकाला जोडून करायची. दोन, प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत माल १९० ते २२० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवायचा. पोलाद जितकं कठीण तितका जास्त वेळ. भट्टीचं तापमान त्या पोलादाच्या टेंपरिंगच्या (कठीण केल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवण्याच्या) तापमानाखालीच हवं, नाहीतर हत्यार मऊ पडतं.

जुना पाना सोलून पुन्हा क्रोम करावा का? बहुतेक वेळा नाही. जुना थर उतरवणं, खड्डे जाईपर्यंत घासणं आणि पुन्हा प्लेटिंग यात जबड्याचं माप आणि अक्षरं दोन्ही जातात, शिवाय हायड्रोजनचा धोका दुसऱ्यांदा येतो. संग्रहासाठी ठेवायच्या तुकड्याची गोष्ट वेगळी. क्रोमिक आम्लाचं प्लेटिंग घरी करायचा विचार मात्र मनातून काढून टाका. टाकीतून उडणारा तुषार फुप्फुसांत जातो, आणि उरलेलं द्रावण गटारात सोडता येत नाही.

काही हत्यारांवर क्रोम नसणं हेच योग्य असतं. इम्पॅक्ट रेंचची (ठोके देत बोल्ट फिरवणाऱ्या यंत्राची) सॉकेटं काळी असतात, कारण सततच्या ठोक्यांनी क्रोम सोलून धारदार चिपा उडतात. चकचकीत हँड सॉकेट इम्पॅक्टवर लावू नका. छिन्नीचं डोकं, हातोडीचं तोंड, पकडीची कापायची धार आणि रॅचेटच्या आतले दात इथेही क्रोम नको. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चकाकी असेल तर ते मापाने जाड झालंय का, ते स्क्रूच्या खाचेत घालून बघा.

गंजाचे ठिपके आणि रोजची निगा

ठिपके आले असतील तर आधी ग्रीस काढा. ॲल्युमिनियमची घरगुती फॉइल चुरगळून गोळा करा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ असल्याने क्रोमला ओरखडा न पडता गंज निघतो. हट्टी डागावर चार शून्यांची बारीक स्टील वूल तेलात भिजवून चालवा आणि तिचे तुटलेले तंतू नीट पुसून घ्या, नाहीतर तेच गंजून नवे डाग पडतात. भांडी घासायची हिरवी पॅड वापरू नका, तिच्यात कठीण अपघर्षक असतो. मग धुवा, कोमट जागी पूर्ण वाळवा आणि पातळ तेल लावा. ठिपका गेला तरी छिद्र तसंच आहे, तेव्हा तेल किंवा मेणाचा हात वरचेवर द्यावा लागेल.

हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोम विरघळवतं. संडास साफ करायचं आम्ल किंवा फरशी धुवायचं आम्ल गंजावर लावलं तर गंजासोबत क्रोमही जातं. बंद कपाटात त्याची बाटली शेजारी ठेवली तरी नुसत्या वाफेने हत्यारं गंजतात. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवण्याचा सल्लाही साध्या पोलादासाठी आहे. प्लेटिंग केलेल्या हत्यारात आम्ल छिद्रातून थराखाली शिरतं. बॅटरी चार्जरच्या करंटने गंज काढताना सुटत आलेला थर उचलला जातो आणि हायड्रोजन पुन्हा पोलादात जातो, म्हणून तेही नको. बुडवायचंच असेल तर सामू तटस्थ असलेलं, गंजाला बांधून काढणारं द्रावण घ्या.

कामानंतर घाम पुसा, गंजायला घामातलं मीठ पुरेसं असतं. बॅटरीचं पाणी उडालं तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन साध्या पाण्याने धुवा. ओक लाकडाची पेटी आम्लधर्मी वाफ सोडते. तिच्यात ठेवायचं तर गंजरोधक कागदात गुंडाळून ठेवा.

थर सोलायला लागलेल्या पान्याची सैल कड चष्मा आणि हातमोजे घालून बारीक तेलदगडाने घासून बोथट करा. निकेलची चीप पात्यासारखी कापते. सोलणं दांड्यावर असेल तर पाना पुढे वापरता येतो. जबड्याच्या किंवा सॉकेटच्या आत असेल तर तो बेअरिंग, गिअरबॉक्स किंवा उघड्या इंजिनाच्या कामातून काढून टाका, कारण तिथे पडलेली एक चीप बेअरिंगच्या वाटेत जाते.